झिजेच्या भीतीने चालणं सोडू नका

अंगारकीच्या पहाटे राजूरला गणपतीच्या पायऱ्यांजवळ थोडा वेळ उभे राहा. चढणाऱ्यांकडे नको, उतरणाऱ्यांकडे बघा.

त्यातले कितीतरी जण जालन्याहून रात्रभर पायी आलेले असतात. सुमारे पंचवीस किलोमीटर. चढताना तोंडात मोरया असतो, पुढच्याच्या पाठीचा आधार असतो, दुखणं जाणवत नाही. उतरताना मात्र एक हात कठड्यावर आणि दुसरा गुडघ्यावर जातो. काही बायका आडव्या होऊन उतरतात, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली आल्यावर बोलणं एकच. "गुडघ्यातलं वंगण संपलं आता."

त्यामागून येणारं वाक्यही घरोघरी ठरलेलं आहे. "आता चालणं बंद करा. जेवढं चालाल तेवढी झीज."

पहिलं बोलणं अर्धं खरं आहे. दुसरं चूक आहे. त्या दुसऱ्या वाक्यापायी चांगली हिंडतीफिरती माणसं दोन-तीन वर्षांत खाटेला खिळलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर सांगतो.

वंगणाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्याला चाकाच्या आसाची उपमा दिली आहे. आसाला स्नेह लावला की चाक नीट फिरतं, तसा सांधा कफाच्या ओलाव्यावर नीट चालतो, असं तिथे म्हटलं आहे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण गुडघा हा नुसता आस नाही. आस वापरला की झिजतो आणि वंगण बाहेरून घालावं लागतं. गुडघ्याचं तसं नाही. तो वापरला की स्वतःला ओला करून घेतो.

हे कशावरून म्हणायचं? मोजून बघितलं आहे, त्यावरून.

घरातला पाळणा आठवा. कडीला तेल असलं की एकदा झोका दिला की पाळणा बराच वेळ हलत राहतो. कडी गंजली असली की दोन-चार झोक्यांत थांबतो. थांबायला किती वेळ लागला, त्यावरून कडीत घासण किती आहे ते कळतं. इंग्लंडमधले शल्यवैद्य जॉन चार्नली यांनी साधारण १९६० च्या सुमारास हीच युक्ती सांध्यासाठी वापरली. शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या पायाचा सांधा त्यांनी कडीच्या जागी बसवला, खाली वजन टांगलं आणि झोका दिला. झोका किती हळू विरतो ते मोजलं.

आकडा असा आला की ऐकणाऱ्याला खरा वाटू नये. तो आपल्या भाषेत सांगतो. शंभर किलोचं पोतं फरशीवरून ओढायचं तर तीस-चाळीस किलोचा जोर लावावा लागतो. हेच शंभर किलो निरोगी सांध्याच्या गादीवर सरकवायला एखाद-दीड किलोचा जोर पुरतो. कधी त्याहूनही कमी. बर्फावर बर्फही सहसा इतका सहज सरकत नाही.

ही गादी म्हणजे कूर्चा. हाडाच्या टोकावरचं पांढरं, गुळगुळीत आवरण. गुडघ्यात ती दोन ते चार मिलिमीटर जाड असते, म्हणजे एक-दोन नाणी एकावर एक ठेवावीत इतकी. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. तिच्या वजनाचा साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतं. भोवतीचं वंगणाचं पाणी म्हणाल तर निरोगी गुडघ्यात ते चमचाभरही नसतं.

मग एवढ्या थेंबभर पाण्यावर चाळीस-पन्नास वर्षं गाडी चालते कशी?

त्याचं उत्तर १९५९ मध्ये चार्ल्स मॅककचन या संशोधकाने मांडलं. त्याने कूर्चेचा तुकडा काचेवर दाबून घासून पाहिला. सुरुवातीला घासण जवळजवळ नव्हतीच. दाब तसाच ठेवला, तेव्हा वेळ जाईल तशी घासण वाढत गेली. कारण गादीतलं पाणी हळूहळू पिळून निघत होतं. दाब काढला, गादी पुन्हा ओली होऊ दिली, की घासण पुन्हा उतरली. भार गादीतलं पाणी पेलतं. पाणी आत आहे तोवर घर्षण जवळजवळ नाही. पाणी निघून गेलं की गादीला गादी घासते.

इथे जरा थांबा, कारण पुढचा सगळा सल्ला यातूनच निघतो.

भार घेऊन एकाच जागी फार वेळ राहणं गादीला सुकवतं. हालचाल तिला पाणी पाजते. पाऊल टाकलं की गादी दबते, उचललं की पाणी शोषते. तिला रक्त मिळत नसल्यामुळे तिचं जेवणही याच पाण्यातून येतं. जो चालत नाही त्याची गादी जपली जात नाही, उपाशी राहते.

म्हणून गुडघा दुखतो या कारणासाठी चालणं सोडू नका. कमी करा, वाटून घ्या, सावकाश चाला. पण सोडू नका.

आता घरात काय करायचं ते सांगतो.

एका जागी अर्ध्या तासाहून जास्त वेळ उकिडवं बसू नका. खुरपणीला बसलात, भांडी घासायला बसलात, भाजी निवडायला बसलात, तरी अधूनमधून उठा. दहा पावलं चाला. पाय सरळ करून झटका. मग पुन्हा बसा. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते, हे निरनिराळ्या देशांत दिसलं आहे. जेवायला मांडी घालून बसण्याने दुखत नसेल तर खुशाल बसा. दुखत असेल तर खुर्ची घ्या, त्यात कमीपणा नाही.

सकाळी उठल्यावर लगेच ताडकन उभे राहू नका. खाटेवर बसून पाय खाली सोडा आणि वीसेक वेळा पुढे-मागे हलवा. पाळण्यासारखे. मग उभे राहा.

मांडीला बळ द्या. गुडघ्याचा बराच भार मांडी उचलते असं समजा. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती खाली दाबा, मनात पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग दुसरा पाय. दिवसातून दोनदा. दुसरा व्यायाम याहून सोपा आहे. खाटेवर किंवा खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, खाली घ्या. महिना-दीड महिना नेटाने केलंत तर फरक तुम्हालाच कळेल. आठ दिवसांत सोडून दिलंत तर कळणार नाही.

वजनाचा हिशेब मात्र नीट ऐका, कारण तो ऐकला की पोटात गोळा येतो. गुडघे झिजलेल्या, वजन जास्त असलेल्या १४२ वयस्क माणसांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला. तो २००५ मध्ये छापून आला. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो, असं त्यात निघालं.

आता जालना ते राजूर धरा. पंचवीस किलोमीटरला साधारण अडतीस हजार पावलं पडतात. एका पायाच्या वाट्याला एकोणीस हजार. तुमचं वजन फक्त पाच किलोने उतरलेलं असेल, तर पावलागणिक वीस किलो वाचले. एका वारीत एका गुडघ्यावरून ३,८०० क्विंटल भार उतरला. एवढी सोयाबीन मोंढ्यात न्यायची म्हटलं तर ट्रॉल्यांची रांग लागेल.

त्यासाठी उपाशी राहू नका. चहातली साखर निम्मी करा. दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो आपल्याकडे, तिथूनच सुरुवात करा. रात्रीची भाकरी अर्धी कमी, वरण आणि पालेभाजी जास्त. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि तळणीवर ताव मारू नका. सहा महिन्यांत पाच किलो उतरले तरी पुष्कळ झालं.

पायऱ्यांचं एक साधं सूत्र पाठ करून ठेवा. चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी. काठी घेत असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरा. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही असं म्हणतात.

पायी वारी करायची असेल तर दोन महिने आधी चालायला लागा. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं. मग पंधरा. मग वीस. वर्षभर बसून एका रात्रीत पंचवीस किलोमीटर चालणं कुणाच्याच गुडघ्याला मानवत नाही. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका. पायाला जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. तुमच्या पायातल्या चपलेने तुमची भक्ती कमी होत नाही.

आता गैरसमजांचं बोलू.

गुडघा कटकट वाजतो म्हणजे वंगण संपलं, असं नाही. बोटं मोडल्यावर आवाज येतो तसाच हाही पुष्कळदा निरुपद्रवी असतो. दुखत नसेल, सूज नसेल, तर त्या आवाजाला घाबरू नका. खरखर लागत असेल आणि सोबत दुखत असेल, तर दाखवा. डॉक्टर वाटीवर तळहात ठेवून गुडघा वाकवायला लावतात, तेव्हा हीच खरखर ते हाताने मोजत असतात. दवाखान्यात आलेल्या माणसाच्या गुडघ्यातलं घर्षण मोजणारं यंत्र नसतं. तिथे डॉक्टरचा हात आणि तुमचं सांगणं हीच मापं.

एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही. दोन हाडांतलं अंतर दिसतं, त्यावरून गादी किती उरली याचा अंदाज करतात. म्हणून तो उभं राहून काढलेला असावा. आणि एक ध्यानात ठेवा. एक्स-रे फार वाईट असूनही काही माणसं आरामात शेतात जातात, आणि एक्स-रे बरा असूनही काहींना रात्रभर झोप लागत नाही. कागदावर "झीज" हा शब्द वाचला म्हणून हातपाय गाळू नका.

वंगण संपतं म्हणतात, पण दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात पाणी पुष्कळदा जास्तच असतं. फक्त ते पातळ झालेलं असतं, त्याचा चिकटपणा गेलेला असतो. भेंडीचं पाणी पिऊन तो परत येत नाही. भेंडीचा बुळबुळीतपणा पोटातच पचून जातो, गुडघ्यापर्यंत पोचत नाही. तेलाने चोळल्यावर बरं वाटतं, जरूर चोळा. पण तेल कातडीवरच राहतं. ऊब मिळते, स्नायू सैल होतात, घरातलं कुणी मायेने हात फिरवतं. एवढं पुष्कळ आहे. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका आणि त्यासाठी हजार-दोन हजारांची बाटली घेऊ नका.

यात्रेत किंवा बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या यांच्यापासून मात्र लांब राहा. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर आनंदू नका, सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही महिनोन्‌महिने खाऊ नका. त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात. दुखणं गुडघ्याचं आणि डायलिसिस मूत्रपिंडाचं, अशी वेळ आणू नका.

गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला कुणी सांगितलं तर विचारा, कसलं आहे आणि वर्षातून किती वेळा. फार दुखत असताना स्टिरॉइडचं एखादं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पण अमेरिकेत १४० रुग्णांवर दोन वर्षं प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो छापला गेला. अर्ध्या लोकांना दर तीन महिन्यांनी गुडघ्यात स्टिरॉइड दिलं आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता. गादी मात्र स्टिरॉइडवाल्यांची जास्त झिजली होती.

"दुर्बिणीने गुडघा धुऊन काढू" असं कुणी म्हटलं तरी घाई करू नका. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर हे पारखून पाहिलं, २००२ ची गोष्ट. काहींचा गुडघा खरोखर धुतला. काहींना फक्त कातडीवर छेद दिला आणि टाके घातले. दोघांनाही आराम सारखाच. निव्वळ झिजेच्या दुखण्यासाठी ते पैसे वाचवा.

गुडघा बदलण्याची वेळ काहींवर येतेच. तेव्हा घाबरू नका. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये मुंबईत त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, त्यानंतर आपल्याकडे या शस्त्रक्रियेची भीती बरीच कमी झाली. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाच्या मापाने 'इंडस' नावाचा गुडघा तयार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा गुडघा, जो सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आणला. ही मर्यादा वेळोवेळी बदलते आणि शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा असतो. म्हणून बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा, आणि सरकारी योजना लागू होते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

तरीही घाईने बदलू नका. पाळण्याची युक्ती वापरणाऱ्या त्याच चार्नलींनी खुब्याचा कृत्रिम सांधा बनवला. त्यांच्याकडे एक रुग्ण आला होता. दुसरीकडे बसवलेला त्याचा सांधा हलला की कुईं-कुईं वाजायचा आणि बायको खोलीतून उठून जायची. तिथूनच चार्नलींनी घर्षण मोजायला घेतलं. आधी त्यांनी टेफ्लॉन वापरलं. आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. घसरण उत्तम होती, पण दोन-तीन वर्षांत ते झिजून गेलं आणि शेकडो रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. १९६२ च्या शेवटी त्यांनी दुसरं चिवट प्लास्टिक घेतलं, ते टिकलं. आजचे सांधे वीस-वीस वर्षं चालतात. पण धातू आणि प्लास्टिकचा सांधा पाणी पीत नाही आणि निरोगी गादीइतका गुळगुळीत तर मुळीच नसतो. तुमच्याकडे आहे तो जितका टिकेल तितका टिकवा.

काही दुखणी मात्र थांबण्यासारखी नाहीत. गुडघा एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुडघा मधेच अडकून बसतो, सरळ होत नाही, तर दाखवा. सकाळी तासभर बोटं आखडतात, बोटांचे छोटे सांधे सुजतात, तर ती झीज नव्हे. तो संधिवात असू शकतो, त्याचं औषध निराळं आहे आणि ते लवकर सुरू व्हायला हवं.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांशी बोलायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ५३ कोटी माणसांना सांध्यांची झीज होती. त्यात साठ टक्के बायका. आपल्या घरात बघा म्हणजे कारणं दिसतील. सकाळी झाडणं वाकून, फरशी पुसणं उकिडवं बसून, स्वयंपाक जमिनीवर, धुणं दगडावर, दुपारी खुरपणी, संध्याकाळी पुन्हा चूल. ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदलायचं हे तुम्हाला तोंडपाठ असतं. आईला उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, हे किती दिवसांपासून चाललंय ते आठवून बघा.

गॅस उंच ओट्यावर ठेवून द्या. जुना लाकडी टेबलही चालेल. फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा घ्या. खुरपणीला बसायला बुटकं स्टूल द्या, नाहीतर लांब दांड्याचं खुरपं करून घ्या, गावातला लोहार करून देईल. संडासात बसायला कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. आई नको म्हणेल, तरी आणा. आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं तिला कामातून मोकळं करून तिच्यासोबत रस्त्यावर चालायला जा.

येत्या बाजाराच्या दिवशी निदान स्टूल आणि पोछा तरी घरी आलेला असू द्या.